गॅरेजातली शंभरी

आपलं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात गेलं, असं ताई स्वतःच सांगायची. एकेचाळीस वर्षं तिने दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवल्या. हात थरथरायला लागायच्या आधीच काम सोडलं आणि धाकट्या भावाकडे राहायला आली. दोघांचीही जोडीदार माणसं गेलेली. घरात खोल्या चार, भांडणं रोज दोन, असा संसार सुरू झाला.

भाऊ शाखा लाइनच्या शेवटच्या स्टेशनचा मास्तर होता. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी लोक त्याला मास्तरच म्हणत, ताईही तेच म्हणे. नियमावर बोट ठेवून जगणारा माणूस. नोकरीत त्याने कधी वरच्याला उलट उत्तर दिलं नाही. तो निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी लाइन बंद झाली, तेव्हाही तो मूग गिळून बसला. फक्त घरची मोटार विकली आणि रिकाम्या गॅरेजात ती सगळी लाइन पुन्हा उभी करायला घेतली.

बावीस फूट लांब फळ्या. त्यांच्यावर सात स्टेशनं, दोन पूल, एक बोगदा, सिग्नलच्या केबिनी, पाण्याच्या टाक्या. शेवटच्या स्टेशनच्या छपरावरचा तुटका पत्रासुद्धा त्याने तुटकाच बसवला होता. गाड्या बोटभर उंचीच्या, पण वळणावर खऱ्यासारख्या कुरकुरायच्या. एकच गोष्ट नव्हती. सगळे प्लॅटफॉर्म रिकामे होते.

"माणसं कुठायत रे?" ताईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"माणसं मला जमत नाहीत," मास्तर म्हणाला.

लाइनला शंभर वर्षं पूर्ण होणार, त्याच्या दोन महिने आधी मास्तरने मुख्य कार्यालयाला अर्ज केला. मुख्य मार्ग आणि ही शाखा, दोन्ही एकाच दिवशी सुरू झालेली. मुख्य मार्गाच्या शंभरीचा सोहळा जंक्शनवर होणारच होता. त्याच दिवशी आमचं बंद स्टेशन तासभर उघडावं, एक फीत कापू द्यावी, एवढंच मागणं. उत्तर तीन ओळींचं आलं. सदर शाखा बंद आहे. बंद होतेवेळी तिचा वापर दररोज सरासरी नऊ प्रवासी करत होते, त्यामुळे समारंभाचे औचित्य दिसत नाही. स्टेशनच्या आवारात विनापरवाना प्रवेश दंडनीय आहे.

मास्तरने पत्राची घडी घातली आणि ते फाइलला लावलं. ताईने फाइल उघडून ते पुन्हा बाहेर काढलं.

"नऊ?" ती म्हणाली. "नऊ माणसं तर तुझ्या बाकड्यावर नुसती उन्हं खात बसायची."

"आकडा बरोबर आहे, ताई. त्यांनी आधी सकाळची गाडी काढली. मग संध्याकाळची काढली. उरली दुपारी दोनची. दुपारी दोनला कोण कामाला जातं? मग मोजणीला माणूस पाठवला."

"आणि तू हे त्यांना सांगितलंस?"

मास्तरने तिच्या हातातलं पत्र घेऊन पुन्हा फाइलला लावलं.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "त्यांच्या स्टेशनला कुलूप आहे. आपल्या गॅरेजला नाही. शंभरी इथे होईल. आणि माणसं मी करते."

दुसऱ्या दिवशी तिने शिंप्याच्या, न्हाव्याच्या आणि औषधांच्या दुकानात हाताने लिहिलेला कागद लावला: 'शाखा लाइनने प्रवास केलेल्या प्रत्येकाने मास्तरांच्या गॅरेजात येऊन आपलं माप द्यावं. तुमचा पुतळा शंभरीला प्लॅटफॉर्मवर उभा राहील. कुठे उतरायचात तेही सांगावं.'

पहिल्या आठवड्यात तिघं आली. त्यातली एक दूधवाली. वीस वर्षं ती पहाटेच्या गाडीने दोन कॅन घेऊन जंक्शनला जायची.

"मला कॅनसकट करा," ती म्हणाली. "आणि कंबरेत जरा बारीक करा. तेव्हा होते मी."

ताईने साचे बनवले. दोन सेंटिमीटरचा माणूस, कवळीच्याच मसाल्यातला. त्यामुळे साच्यातून निघालेलं प्रत्येक माणूस हिरड्यांसारखं गुलाबी असायचं. मग भिंग डोळ्याला लावून ती त्यांना रंगवायची: निळा स्वेटर, करडा कोट, छत्री, लंगडा पाय, पोटुशी बाई. दूधवालीला तिने सांगितल्यापेक्षाही बारीक केलं. ती बातमी दूधवालीनेच गावभर केली आणि दुसऱ्या आठवड्यात गॅरेजसमोर रांग लागली.

मास्तर आधी दारातून नुसता बघायचा. मग एके दिवशी एक म्हातारा सुतार आला. तो म्हणाला, "मी गाडीत कधी बसलो नाही. बायको रोज जायची, इस्पितळात कामाला. मी सोडायला यायचो. ती आता नाही. तिला करा, मला नाही केलं तरी चालेल."

ताई अडखळली. कागदावर प्रवास केलेल्यांनीच यावं असं तिनेच लिहिलं होतं. तेवढ्यात मागून मास्तरचा आवाज आला.

"प्लॅटफॉर्म तिकीट काढायचात का?"

"रोज."

"मग तुम्ही स्टेशनवर अधिकृतपणे हजर होतात. ताई, दोघांना कर. शेजारी शेजारी."

त्या दिवसापासून मास्तर टेबल टाकून नोंदी घ्यायला बसला. कोण, कुठून, कुठे, कुठली गाडी. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आकडा एकशे शहाऐंशीवर गेला. ताईच्या बोटांना रंगाचे थर बसले होते आणि मान वळत नव्हती, पण ती कुणाला परत पाठवत नव्हती.

शंभरीच्या दोन दिवस आधी मुख्य कार्यालयातून एक जनसंपर्क अधिकारी आला. तरुण, गोड बोलणारा. त्याने गॅरेज बघितलं, मनापासून वा वा केली आणि मग घरात येऊन खुर्चीच्या काठावर बसला.

"अडचण अशी आहे, मास्तर," तो म्हणाला, "की त्याच दिवशी, त्याच वेळी इथे गर्दी जमली तर वरच्यांना ते बरं दिसणार नाही. वर्तमानपत्रवाले दोन्हीकडे जाणार. तुम्ही एवढी वर्षं निष्कलंक नोकरी केलीत. आमची इच्छा आहे की तुम्ही जंक्शनला मंचावर बसावं. पहिल्या रांगेत. सन्मानचिन्ह देऊ. सकाळी नऊला गाडी पाठवतो. हे मात्र पुढे कधीतरी करा."

ताई भावाकडे बघत होती. अडतीस वर्षांत त्याला कुणी मंचावर बोलावलं नव्हतं. बदलीच्या वेळी नाही, पुराच्या रात्री रुळावर कंदील घेऊन उभा राहिला तेव्हा नाही, निवृत्तीच्या दिवशीही नाही. त्याचे कान लाल झालेले तिला दिसले.

"येतो मी," मास्तर म्हणाला.

अधिकारी गेल्यावर ताईने दोघांचे कप उचलले आणि धुऊन ठेवले. धुता धुता म्हणाली, "तू जा. तुझा हक्क आहे. पण माझ्या गॅरेजातलं काही थांबणार नाही."

"गॅरेज माझं आहे."

"माणसं माझी आहेत."

त्यावर दोघं दोन दिवस कामापुरतंच बोलली.

शंभरीच्या सकाळी आठला गॅरेजचं शटर वर गेलं आणि अर्ध्या तासात अंगण भरलं. लोक चांगले कपडे घालून आले होते. प्रत्येक जण वाकून आपल्याला शोधत होता. दूधवाली सापडली तशी तिने नातीला जवळ ओढलं आणि बोट दाखवून म्हणाली, "ही बघ, मी." सुतार आपल्या जोडीपाशी वाकला. मग चष्मा पुसला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मास्तर आतून आला तो पूर्ण गणवेशात. कोट कमरेला आवळत होता, बटणं घासून चकचकीत केलेली. लोकांनी आपोआप वाट करून दिली. नऊच्या मोटारीची वाट बघत तो फळीपाशी येऊन थांबला. शेवटच्या स्टेशनवर बेचाळीस माणसं उभी होती. तो एकेकाला ओळखत पुढे सरकला. छत्रीवाली शिक्षिका. कायम उशिरा धावत येणारा टपालवाला, त्याचा एक पाय ताईने हवेतच ठेवला होता.

"मी कुठाय?" त्याने हळूच विचारलं.

"तुला नाही केलं," ताई म्हणाली. "तू तिकडे मंचावर आहेस ना. एक माणूस दोन ठिकाणी कसा उभा राहील? नियमात बसत नाही."

मास्तरने मनगट वर केलं. घड्याळात आठ अडतीस झाले होते.

"आठ चाळीसची गाडी कोण सोडणार?"

"मी."

"तुला येतं?"

"नाही."

"बोगद्याच्या तोंडाशी वेग कमी करायचा असतो. नाहीतर मागचा डबा उतरतो."

"उतरला तर उतरला. उचलून ठेवेन."

ताईने गाडीच्या बटणाकडे हात नेला. मास्तरने तो धरला. जोरात नाही, लहानपणी रस्ता ओलांडताना ती त्याचा धरायची तसा.

"आठ चाळीस एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकदाही रुळावरून उतरलेली नाही," तो म्हणाला. "आजही उतरणार नाही. सरक."

त्याने खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली. अंगणातली बडबड एकदम थांबली. सिग्नलचा हात खाली पडला, दूधवालीने पुढे होऊन दोऱ्याएवढी लाल फीत नखं कापायच्या कात्रीने कापली आणि गाडी सुटली. पहिलं स्टेशन. थांबा. दुसरं स्टेशन. थांबा. जिथे गाडी थांबे तिथली माणसं आपापल्या पुतळ्यांच्या मागे उभी होती आणि गाडीबरोबर हळूहळू टाळ्या पुढे सरकत होत्या.

गाडी बोगद्याजवळ असताना मोटार आली. त्यातून तो गोड बोलणारा अधिकारीच उतरला आणि गर्दीतून वाट काढत आत आला.

"मास्तर, निघायचं ना? पाहुणे पोहोचलेत. आणि हे तुम्ही थांबवणार होतात."

मास्तरने त्याच्याकडे बघितलं नाही. हात बटणावर, डोळे गाडीवर. वेग कमी झाला, गाडी बोगद्यात शिरली.

"सेक्शनमध्ये गाडी असताना स्टेशन मास्तरने जागा सोडायची नाही," तो म्हणाला.

"अहो, ही खेळण्यातली गाडी आहे."

"नियमात गाडीचा आकार लिहिलेला नाही. तुमच्याकडे पुस्तिका असेल, बघा."

कुणीतरी हसलं. अधिकाऱ्याचा चेहरा पडला. "वर काय सांगू मी?"

"सांगा, की पत्रात नऊ प्रवासी लिहिलेत. इथे एकशे शहाऐंशी आहेत. नाव, गाव, गाडीसकट वही आहे. ती गर्दी मी जमवलेली नाही. ती होतीच. तुम्ही दुपारी दोनला मोजायला आलात." मास्तरने गाडी बोगद्यातून बाहेर काढली. "हे मी चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही, ती माझी चूक. मंचावर माझी खुर्ची रिकामी ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल."

अधिकारी मोटारीकडे वळला. त्याचा ड्रायव्हर मात्र मोटारीत बसायच्या आधी ताईच्या कानाशी आला. "बाई, मी शाळेला याच गाडीने जायचो. माझं राहिलं का?"

"चार दिवसांनी ये," ताई म्हणाली. "दप्तर कुठल्या खांद्यावर, तेवढं सांगून जा."

त्या दिवशी वेळापत्रकातल्या सगळ्या गाड्या धावल्या, सातही जोड्या. दुपारी दोनच्या गाडीला तर इतके लोक थांबले की शटरबाहेर स्टुलं टाकावी लागली.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं. आधीचा मास्तर असता तर त्याला ताप भरला असता. या मास्तरने संध्याकाळी ताईला समोर बसवून प्रवाशांची सबंध वही तिच्याकडून उतरवून घेतली, खाली सही केली आणि तो गठ्ठा रजिस्टर टपालाने पाठवून दिला. त्यावर आजपर्यंत कुणाचं उत्तर नाही.

लाइन पुन्हा सुरू झाली नाही. वर्षभराने ठेकेदार आला आणि पुलापासून रूळ उखडायला लागला. घणांचा आवाज घरापर्यंत येत होता. मास्तरने खिडकी लावून घेतली नाही. त्याने गॅरेजचं शटर वर केलं, वेळापत्रकाचा फळा उतरवला आणि खडूने त्यात एक जादा गाडी लिहिली.

"किती वाजताची?" ताईने विचारलं.

"सकाळी अकराची. बाजारवाल्यांना सोयीची होती. मी दोनदा मागितली होती, मिळाली नाही."

"मग माणसं लागतील," ताई म्हणाली आणि मसाला कालवायला घेतला.