मामा थोडा वाढव

“मामा थोडा वाढव,” मॅडम म्हणाल्या, आणि दारात पटाशी पुसत उभे असलेले मामा उगाचच एक पाऊल पुढे सरकले.

मॅडम त्यांच्याशी बोलतच नव्हत्या. संगणकावरच्या मुलीने पडद्यावरची एक खूण सरकवली, तशी तिथली गुळगुळीत भिंत हाताने कोरल्यासारखी खडबडीत झाली.

“तुमचंच नाव दिलंय त्याला, मामा!” मॅडम कौतुकाने म्हणाल्या. “तुमच्या नमुन्याच्या फळ्या स्कॅन केल्या ना, त्यातून प्रोग्रॅम तुमचा हात शिकला. मामा शून्य केला की सपाट, दहा केला की हुबेहूब तुम्ही. आता अख्खी भिंत मशीनच कोरेल.”

“मग मी काय कोरू?”

“तुम्ही आता आराम करा. किती राबाल?”

गोड बोलून हाकलणे म्हणतात ते हेच. वास्तुरचनेच्या त्या ऑफिसात मामा सुतार होते. सख्खा भाचा एकही नाही, तरी सगळ्यांचे मामा. नव्या सभागृहाची भिंत आपणच कोरायची, या भरवशावर त्यांनी नमुने केले होते. बायकोलाही तसंच सांगितलं होतं. ती दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाली होती, “झाली की न्या हं मला बघायला.”

शेवटची फळी कोरताना दवाखान्यातून फोन आला. पटाशी सटकली आणि फळीवर तिरपी, खोल रेघ उमटली. बायकोचं दिवसकार्य झाल्यावर मामा कामावर आले, ते ती फळी बदलायला. मॅडम म्हणाल्या, “राहू द्या. छान दिसतेय.”

घरी मुलीने सगळं ऐकलं आणि पटकन बोलून गेली, “बाबा, चक्क मामा बनवलं की तुम्हाला!” मग तिने जीभ चावली. मामाही हसले. हसण्यासारखंच होतं ते, त्यांचं स्वतःचं नसतं तर.

उद्घाटनाला ते जाणार नव्हते. मुलीनेच ओढून नेलं. आईला बघायची होती ना, म्हणाली.

भिंत छताला भिडली होती. लोक तिच्यावरून बोटं फिरवत होते. “मशीनची वाटतच नाही! किती जिवंत!” कुणीतरी म्हणालं.

मामांनी भिंत पाहिली आणि ते अगदी जवळ गेले. प्रोग्रॅमने ती रेघही उचलली होती. कुठे लांब, कुठे आखूड, कुठे उलटी, पण प्रत्येक फळीवर होती. एक बाई तसल्याच एका रेघेशेजारी उभी राहून फोटो काढून घेत होती.

“बाबा, ही रेघ कसली?” मुलीने विचारलं.

“मॅडमना आवडली होती,” मामा म्हणाले.

त्यांनी समोरच्या रेघेवर हात ठेवून ती झाकली. बाकीच्या तशाच उघड्या राहिल्या.