चव बघायला मावशी

कारखान्याच्या कॅन्टीनचा आचारी तीस वर्षं आपल्या जिभेवर जगला. साडेचारशे माणसांचा रस्सा, आणि तिखटमिठाचा निकाल एका चमच्यात. आता डॉक्टरांनी कागद दिला होता: तिखट नको, टोमॅटो नको, तळलेलं नको, चहा तर मुळीच नको, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आचाऱ्याला चाखू नको म्हणणं म्हणजे शिंप्याला सुई धरू नको म्हणणंच झालं की. पण एक चमचा रस्सा पोटात गेला, की दिवसभर छातीत जळजळायचं, आंबट घशाशी यायचं. जीव नकोसा व्हायचा.

मॅनेजरला कळलं तर तो घरी बसवणार, आणि निवृत्तीला अजून दोन वर्षं होती. म्हणून त्याने कागद घडी करून खिशात टाकला, आणि भांडी घासणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, जरा चव बघता का?"

मावशी हात पुसत आल्या. "मीठ थोडं हवं."

तेव्हापासून रोजचंच झालं. मावशींची जीभ त्याच्या जिभेहून तयार निघाली. लोक रश्श्याचं कौतुक करू लागले, त्याची जळजळ थांबली, आणि दोन महिने तो खुशाल होता.

आज मात्र चमचा चाखून मावशी बटाट्याच्या पोत्यावर टेकल्या. मूठ छातीच्या मधोमध दाबलेली. ती मूठ त्याच्या चांगलीच ओळखीची होती. त्यांनी बटव्यातून गोळी काढली, तीही ओळखीची.

"कधीपासून?"

"तुमच्या आधीपासून. तोच कागद माझ्याकडेही आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मीठ विचारलंत, मी मीठ सांगितलं." मावशींच्या आवाजात राग नव्हता. "मला काय होतंय, ते कुठे विचारलंत?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवणाच्या सुट्टीला पंधरा मिनिटं उरली होती. त्याने मावशींच्या हातातला चमचा घेतला, रश्श्यात बुडवला आणि स्वतः चाखला. मग मूठभर मीठ टाकून ढवळलं. खिशातला कागद काढेपर्यंत छातीत जाळ पेटला होता.

"मॅनेजरकडे जाऊन येतो," तो म्हणाला. "माझंच सांगतो. तुमचं नाव काढत नाही."

"आधी घोटभर पाणी प्या," मावशी म्हणाल्या, आणि उठून भांड्यांकडे गेल्या.