थोरलीचा फ्रॉक

सासूबाईंनी तोंड उघडून चार घास घ्यावेत, एवढंच मागणं आता उरलं होतं. माझं आणि माझ्या नणंदेचं. विसरण्याच्या आजारात त्यांना आधी घर परकं झालं, मग मुलगा, मग आम्ही दोघी. परक्याच्या हातचं खायचं नाही म्हणून त्या दात घट्ट मिटून बसत.

एके सकाळी ट्रंक आवरताना वन्संना एक राखाडी फ्रॉक सापडला. पांढरी कॉलर, फुगीर बाह्या, कंबरेला पट्टा. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचा. ती जाऊनही जमाना झाला. वन्संनी तो गंमत म्हणून अंगात चढवला, तशी सासूबाईंनी मान वर केली.

"थोरले, किती उशीर केलास," म्हणाल्या, आणि वाटीभर सूप मुकाट्याने प्यायल्या. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

तेव्हापासून वन्संचं कपाटच बदललं. थोरलीच्या जुन्या फोटोवरून त्यांनी तसल्याच घाटाचे आणखी फ्रॉक शिवले. वन्सं चष्म्याच्या दुकानात कामाला. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन आईला भरवायच्या. कपडे बदलायला वेळ कुठला? तेच घालून दुकानात, तेच घालून बाजारात. गिऱ्हाइकांना वाटे, बाईंना हौस आहे. मालक तर खूश. "ताई, तुम्हाला बघून लोक जुन्या घाटाच्या फ्रेमा मागतात. सोडू नका ही फॅशन."

ह्यांनाही चिडवायला निमित्त झालं. "ताई, बसमध्ये म्हातारे उठून जागा देतात का गं तुला?"

"देतात ना. म्हणतात, आमच्या वर्गात होतीस का?"

एकदाच, शिवण उसवली म्हणून, वन्सं शर्ट-पँट घालून घरी आल्या. सासूबाईंनी वाटी भिरकावली. घरात चोर शिरलाय म्हणून संध्याकाळपर्यंत थरथरत होत्या.

पण सासूबाई एका जागी थांबणाऱ्या नव्हत्या. रोज थोड्या थोड्या मागे चालल्या होत्या. एका दुपारी राखाडी फ्रॉककडे बघून त्यांनी मला विचारलं, "ह्या बाई कोण?" त्यांच्या लेखी थोरली आता दोन वेण्यांची शाळकरी पोर होती. मग लहान मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "माझी आई कुठेय?"

वन्सं माझ्याकडे वळल्या. "आजी काय घालायची गं, वहिनी?"

"मला कसं ठाऊक असणार, वन्सं?"

ती आजी सासूबाईंच्या लहानपणीच गेलेली. फोटो नाही, कपड्याची चिंधी नाही. वन्सं आईसमोर खाली बसल्या. "तुझी आई काय घालते गं? सांग ना मला."

सासूबाईंनी समोरच्या खाटेकडे बोट दाखवलं. "आई निजलेली असते. पांघरूण घेऊन. तपकिरी."

तपकिरी ब्लँकेट घरात होतं. वन्सं समोरच्या खाटेवर आडव्या झाल्या, ते हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मी एका हातात वाटी घेतली आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंना धरून पुढे नेलं. त्यांचा चेहरा सैल झाला. कितीतरी दिवसांनी त्या कुणाकडे तरी ओळखीनं बघत होत्या. आणि मग थांबल्या. हात पाठीमागे घेतले.

"इथूनच बोलायचं असतं," मला हळूच म्हणाल्या. "जवळ गेलं की आपल्यालाही खोकला होतो. आईच रागावते."

"आज नाही रागावणार," वन्सं पांघरुणातून म्हणाल्या. "ये इकडे. दोन घास खा."

सासूबाईंनी शहाण्या मुलीसारखी नकारार्थी मान हलवली. मागे सरकत दारापाशी गेल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हाक मारली की हसत होत्या. पुढे येत नव्हत्या. मी वाटी तोंडाशी नेली की ओठ मिटत होते.

सूप निवलं. मी गरम करून आणलं, ते पुन्हा निवलं. देवाकडे आता नक्की काय मागावं तेही मला सुचेना. वन्सं काही उठायला तयार नव्हत्या. पांघरूण बाजूला केलं असतं, तर त्या पुन्हा कुणीच राहिल्या नसत्या.