ओढलेला सूर

“थांबा, असं नाही,” म्हणत गिटारवाल्याने तारांवर तळवा ठेवला आणि काचेपलीकडच्या नकल्याला बाहेर यायची खूण केली.

नकल्या हेडफोन गळ्यात घेऊन आला. आंघोळीला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत साबण गेला आणि नेमकं तेव्हाच नळाचं पाणी गेलं, असं ते विनोदी गाणं होतं. विनोद शब्दांत कमी आणि थाटात जास्त. एके काळी सभागृहं दणाणून सोडणाऱ्या एका रॉक बँडची ती हुबेहूब नक्कल होती. तेच गडगडणारे ड्रम, तीच आभाळाला भिडणारी गर्जना. गिटार त्या बँडच्या खऱ्या गिटारवाल्याकडूनच वाजवून घ्यावी, ही नकल्याची शक्कल. तो येईल अशी मात्र त्याला स्वतःलाही आशा नव्हती.

“सर, तो लांबलचक ‘ओऽऽ’ मी तर बरोबर घेतोय,” नकल्या म्हणाला. “प्रत्येक ओळ तशीच सुरू व्हायची ना त्यांची?”

“तुम्ही सूर ओढताय. आमचा गायक ओढत नाही. तो अडकतो.”

एवढं बोलून थांबता आलं असतं. पण तोंड उघडलं ते उघडलंच. बँडचा गायक त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आणि पुढे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शाळेत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना गायकाची जीभ अडकायची, डोळे पांढरे व्हायचे, वर्ग हसायचा. शब्दाच्या आधी एक लांब ‘ओ’ लावला की त्यावरून घसरत शब्दापर्यंत पोचता येतं, हे दोघांनी जिन्यात बसून शोधून काढलं होतं. पुढे तीच बँडची ओळख झाली. लोक तिला शैली म्हणाले, दोघांनी म्हणू दिलं. गिटारवाल्याने नकल्याला सगळं दाखवलं: पापणी कशी फडफडते, उजवा अंगठा मांडीवर कसा ठोके देतो, शब्द सुटला की खांदा कसा खाली येतो.

नकल्या ऐकता ऐकता गंभीर झाला, आणि मग खुदकन हसला. “सर, हे तर सोनं आहे.”

बँड पुन्हा उभा राहतोय, हे गिटारवाल्याला महिन्यापूर्वी रस्त्यावरच्या फलकावरून कळलं होतं. फलकावर त्याच्या जागी एक कोवळा पोरगा होता. त्याने फोन केला तेव्हा मेहुणा म्हणाला, “ओऽऽ बोटं जड झालीत रे तुझी.” ते खरं होतं. म्हणूनच ते पचलं नाही.

गाणं आलं आणि वणव्यासारखं पसरलं. कचेऱ्यांत, बसथांब्यांवर, लग्नाच्या मांडवात लोक अंगठा मांडीवर आपटत एकमेकांना ‘ओऽऽ पाणी’ मागू लागले. किराणावाल्याने गायकाला सामान देताना तसंच विचारलं. त्याला गिऱ्हाईक कोण आहे हे ठाऊकही नव्हतं. बहिणीने ते फोनवर सांगितलं. “त्या नकल्याला अंगठ्याचं कसं कळलं असेल रे, दादा?” तिने विचारलं. कलाकाराची नजर असते, असं तो म्हणाला. तिने विषय बदलला.

बँडच्या कार्यक्रमाला तो गेला, शेवटच्या रांगेत बसला. दिवे लागले, गायकाने माईक धरला आणि पहिल्या ओळीचा ‘ओऽऽ’ घेतला. सभागृह एका आवाजात ओरडलं, “साबण गेला!” हशा उसळला. गायकही हसला, हात वर केला, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ‘ओ’ आला, पण त्यावरून शब्द घसरला नाही. तोंड उघडं, पापणी फडफडतेय, अंगठा मांडीवर. लोकांना वाटलं, बुवा स्वतःचीच नक्कल करतोय. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी. गिटारवाल्याच्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, “काय खिलाडू माणूस आहे!” बाकीचा कार्यक्रम त्या पोराने नुसती गिटार वाजवून कसाबसा ओढून नेला.

त्यानंतर गायक घरातही बोलेनासा झाला. आणि एक दिवस तो गिटारवाल्याच्या दारात उभा राहिला, एकटा. आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला. मग त्याने सुरुवात केली ती ‘ओ’ न लावता, शाळेतल्यासारखी.

“पु... पु...”

गिटारवाल्याला वाटलं, आता पुरावा पुढे करेल. त्याने नजर खिडकीकडे वळवली आणि वाट पाहिली. मदत केली नाही.

“पु... पुढचं गाणं करणार असाल ना तुम्ही,” गायक शेवटी म्हणाला. “त्यात म... मला घेतील का, विचार. लोकांना तेच हवंय. मी जास्त चांगलं करेन.”

‘तुम्ही’ हा शब्द त्याने अजिबात जोर न देता उच्चारला होता. विचारतो, असं गिटारवाला म्हणाला. चहा घेतोस का, असंही म्हणाला. गायकाने मान हलवली आणि तो उठला.

गिटारवाल्याने नकल्याला खरंच विचारलं. नकल्याने क्षणभर विचार केला आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं.

“नको सर. त्यांना पाहिलं की कीव येते. कीव आली की हसू मेलं. तुम्ही आहात ना, तेवढं पुरे.”

संध्याकाळी गिटारवाल्याने बहिणीकडे फोन केला. पुढचं गाणं रद्द झालंय, त्या नकल्याला आता यात रस उरला नाही, असं त्याने सांगितलं. बहिणीने ते तिथल्या तिथे मोठ्याने कुणाला तरी सांगितलं. “बरं झालं,” ती म्हणाली. “सुटलो एकदाचे. तू जेवलास का?”

जेवलो, असं तो म्हणाला.

पुढचं गाणं सहा आठवड्यांनी आलं. सुरुवातीला चांगली लांब गिटार होती, जड बोटांची, एकेक सूर जागेवर दाबून वाजवलेली. ती कुणाची हे बहिणीच्या घरात पहिल्या सुरालाच ओळखलं असणार. दोन दिवस त्याने फोन हाताशी ठेवला. बहिणीचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नकल्याचा आला, आणि तो त्याने उचलला.