रॅमच्या दोन पट्ट्या

जळगाव जामोदात एडिटिंगमध्ये सुचिताचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. नवरा गोविंदा लग्नांचं शूटिंग घ्यायचा, दुसरा कॅमेरा घेऊन कधी तीही जायची; पण घरी आल्यावर त्या सगळ्या गोंधळातून फिल्म उभी करायची ती सुचितानेच. मांडवात डुलक्या घेणारा मामा तिच्या फिल्ममध्ये भावुक झालेला दिसायचा. म्हणून पार नांदुऱ्यापासून, वडनेर भोलजीपासून गिऱ्हाइकं यायची.

ह्या कारभाराचा जीव होता तिच्या मशीनमध्ये, आणि मशीनचा जीव रॅमच्या दोन पट्ट्यांमध्ये. सोळा-सोळा जीबीच्या. त्या होत्या म्हणून चार कॅमेऱ्यांचं शूटिंग एका वेळी उघडायचं आणि पाण्यासारखं चालायचं. पट्ट्या विकल्या होत्या शेखरने. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. विक्रीही तोच, दुरुस्तीही तोच, आणि गावात दुसरा कोणी नाही. बिल घेतलं तर उगाच टॅक्स पडतो असं त्याने गोड बोलून सांगितलं, आणि चार पैसे वाचतात म्हणून सुचितानेही बिलाचं नाव काढलं नाही. आपण सगळे जे करतो तेच तिने केलं.

दसऱ्याला सासूबाई, म्हणजे शालूबाई, घरातल्या कामाच्या वस्तूंची पूजा करायच्या. विळा, शिलाई मशीन, गोविंदाचे कॅमेरे. सुचिताने धूळ काढायला सीपीयूचा डबा उघडला होता, तर म्हातारी म्हणाली, डब्याची काय पूजा करायची, काम करणारं तर आत आहे. आणि तिने ओल्या कुंकवाचं बोट थेट रॅमच्या एका पट्टीवर टेकवलं. सुचिताने धास्तावून बटण दाबलं, पण मशीन चालू झाली आणि घरभर हसू झालं.

त्यानंतर भाव पेटले. एआयवाल्या कंपन्यांनी जगातली रॅम उचलली म्हणे. त्या कंपन्या कुठल्या देशात, पण झळ लागली ती जळगाव जामोदातल्या पोरांना. रॅम दुप्पट झाली, मग तिप्पट, आणि मागोमाग हार्ड डिस्कही. शेखर दुकानात बसून सोनारासारखा रोजचा भाव सांगू लागला. नेमका त्याच दिवसांत सुचिताच्या मशीनचा पंखा आवाज करायला लागला, आणि तिने भोळेपणाने मशीन त्याच्या दुकानात ठेवली.

मशीन परत आली ती म्हशीसारखी चालायला लागली. फिल्म उघडली की पडदा थिजायचा. सुचिताने डबा उघडला, तर आत एकच पट्टी, आठची, कुठल्या तरी जुन्या मशीनची. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. तशीच दुकानात गेली. शेखरने सरळ कानांवर हात ठेवले. जे होतं तेच परत दिलं, म्हणाला. जास्त होतं तर बिल दाखवा. ज्याने बिल दिलं नाही तोच बिल मागत होता, आणि वर हसत होता.

पुरावा चालत आला तो काही दिवसांनी. गावात प्रसेनजित नावाचा तरुण मास्तर होता. मुलांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ करायचा. त्याने पोटाला चिमटा काढून नवी मशीन जोडून घेतली होती, शेखरकडूनच. फोटोवाल्यांच्या ग्रुपवर त्याने मशीनच्या आतला फोटो टाकला आणि विचारलं, नव्या रॅमवर हा लाल डाग कशाचा, गंज तर नाही ना? त्याच्या घरी कुंकवाचा संबंध नव्हता, त्याला काय कळणार. सुचिताने फोटो मोठा केला आणि शालूबाईंपुढे धरला. म्हातारीने चष्मा लावला आणि स्वतःचं बोट ओळखलं.

फोटो घेऊन ती पुन्हा दुकानात गेली. गिऱ्हाइकं होती, बरंच झालं, तिला वाटलं, चारचौघांत होऊ दे. शेखरने फोटो पाहिला. क्षणभर त्याची नजर हलली. तेवढी सुचिताने टिपली, पण नजर काही पुराव्यात धरत नाहीत.

"वहिनी, कुंकू काय तुमच्याच घरी लावतेत?" तो म्हणाला. "दसऱ्याले मी सबन दुकानाची पूजा करतो. नव्या मालाले बी कुंकू लागते."

गिऱ्हाइकं हसली. कुणीतरी म्हणालं, बायामाणसांनी असं वाजवून बोलू नये. सुचिता खाली मान घालून पायऱ्या उतरली, आणि त्या उतरण्यातच तिने डूख धरला. गोविंदा म्हणाला जाऊ दे, एकुलता एक दुरुस्तीवाला आहे. तिने जाऊ दिलं नाही. प्रसेनजितला मात्र ती काही बोलली नाही. त्याने घामाचा पैसा मोजला होता, त्याची मशीन कशाला उघडायची? तिला उघडायचा होता तो शेखर.

आणि देवाने म्हणा, वडनेर भोलजीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने म्हणा, शेखर तिच्या हातात आणून दिला. त्या गिऱ्हाइकाच्या मुलाचं लग्न होतं. दोन्हीकडची मिळून एकच फिल्म करायची होती, आणि ती सुचितानेच करायची असा वरपक्षाचा हट्ट होता. मुलगी कोणाची, तर शेखरची. करिष्मा.

मांडवात शेखरने तिला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मग सावरून जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, चांगलं काढजा." सुचिता म्हणाली, काढते ना.

आणि तिने काढलं, अगदी मन लावून. बिदाईला करिष्मा गाडीत बसली, तेव्हा बायका रडत होत्या, पोरगी मान वळवून वळवून बाप शोधत होती, आणि बाप कुठे दिसत नव्हता. सुचिताने शोधला. मंडपवाल्याच्या टेम्पोमागे, गाद्यांच्या ढिगाला टेकून शेखर उभा होता. फेटा हातात, तोंड उघडं, आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. दुरून तिने कॅमेरा जवळ आणला. त्याने वर पाहिलं, त्याला कॅमेरा दिसला, तरी रडणं थांबेना. इतकं खरं चित्र तिच्या कॅमेऱ्यात आजवर आलं नव्हतं. करिष्माने ते पाहिलं नाही, तिची गाडी निघून गेली होती.

घरी येऊन सुचिता त्या लंगड्या मशीनसमोर बसली आणि कामाला लागली. काम एकच होतं, करिष्माच्या लग्नातून तिचा बाप काढून टाकायचा. एरवी हे हसतखेळत झालं असतं; आठच्या रॅमवर एकेका कापाला पडदा थिजायचा, आणि तो थिजला की तिचा राग आणखी चढायचा. प्रत्येक थांबणं ती शेखरच्या नावावर टाकत होती. स्वागतात तो होता तिथे तिने फुलांची कमान घातली. जेवणाच्या पंगतीत जिलेबी. व्याही गळाभेट घेत होते तिथे फक्त वरबाप ठेवला, हवेला मिठी मारल्यासारखा दिसू नये म्हणून मध्येच मामा जोडला. कन्यादानात मात्र हात लागतातच. म्हणून हात ठेवले, मनगटापर्यंत. पाणी सोडणारे दोन हात, चेहरा कोणाचाच नाही.

फिल्म फार सुंदर झाली. वरपक्ष खूश झाला, कारण फिल्मभर तेच तर होते.

राहिलं मूळ शूटिंग. एरवी ती वर्षभर जपून ठेवायची. पण डिस्कचे भाव असे, की जुनं पुसल्याशिवाय नवं लग्न ठेवायला जागा नव्हती. गोविंदाला सांगायला हे कारण उत्तम होतं. खरं कारण वेगळं होतं. पुसायला बसली तेव्हा पुढे इतर लग्नंही होती, दोन वर्षांची जावळं-बारशी होती. तिने आधी शेखरचं उघडलं. टेम्पोमागचा तुकडा एकदा शेवटपर्यंत पाहिला. तिने पदराने डोळे पुसले, आणि मग सगळ्यांत आधी तो तुकडा पुसला.

पुढे करिष्माचा फोन आला. पप्पा कुठंच नाहीत, म्हणाली. गाडीत बसताना शोधलं तेव्हाही नव्हते, वाटलं होतं फिल्ममध्ये तरी कळेल कुठं होते. सुचिता म्हणाली, ते कॅमेऱ्यासमोर आलेच नसतील. पोरीने फोन ठेवला. सुचिताने त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

मग एका दुपारी शेखरच आला. बसला नाही. खिशातून कागदात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. एक प्रसेनजितला आजच्या भावाची नवी देऊन सोडवून आणली होती, दुसरी दुकानातच होती.

"तुमच्याच हाएत," तो म्हणाला. "मी काढल्या होत्या. भाव पाहून नियत फिरली माही."

सुचिताने माऊस बाजूला ठेवला. इतके दिवस तिने ह्या वाक्याची वाट पाहिली होती, आणि आता ते संपूर्ण ऐकून घ्यायचं होतं.

"पोरगी बोलत नाही मायासंगं," शेखर म्हणाला. "म्हणते, तुमाले काही वाटलंच नाही. वहिनी, टेम्पोमागं तुमचा कॅमेरा होता, मी पाह्यला होता. तेवढं द्या. बाकी फिल्ममंदी मी नसलो तरी चालते."

"पुसलं," सुचिता म्हणाली.

"सबन? काहीच नाही राह्यलं?"

"सबन. तेच पह्यले पुसलं."

खोटं कशाला सांगा, हे बोलताना तिला बरं वाटलं. दुकानाच्या पायऱ्या उतरल्यापासून छातीत अडकलेलं काहीतरी मोकळं झालं. तिला वाटलं, आता हा ओरडेल, पट्ट्या उचलून नेईल. शेखरने खाली बसून सीपीयूचा डबा उघडला, आठची पट्टी काढली आणि दोन्ही सोळाच्या जागेवर बसवल्या. बटण दाबलं. मशीन पहिल्यासारखी झपकन उघडली. आता ती काहीही चालवू शकत होती, फक्त जे हवं होतं ते तिच्यात नव्हतं.

"मंग एवढं करा," तो खाली बसल्या बसल्याच म्हणाला. "तुमी तं पाह्यलं ना मले. तिले सांगा."

सुचिताने नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याचा चेहरा पाहून फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला. सांगितलं सगळं, टेम्पो, गाद्या, हातातला फेटा. रॅमचंही सांगितलं, आपण काय कापलं आणि का पुसलं तेही. बोलता बोलता तिच्याच लक्षात आलं की हे सगळं किती रचल्यासारखं वाटतंय.

"काकू," करिष्मा म्हणाली, "पप्पा तिथंच बसले हाएत ना? त्याईले सांगजा, असं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्याची गरज नाही."

सुचिता म्हणाली, खरं सांगते पोरी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तोवर फोन कट झाला होता. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. शेखर उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. टेम्पोमागचं ते रडणारं तोंड आता जगात एकट्या सुचितालाच दिसत होतं, आणि ते कापून टाकायला तिच्याकडे कुठलीच मशीन नव्हती.