शंभरपैकी शंभर मिळालेली भिंत

मी लातूरच्या एका डाळ मिलची जुनी भिंत आहे. वय विचारू नका. माझा पोपडा पडला की आतून वेगळ्याच सालची जाहिरात निघते. मित्रांनो, भिंतीला कान असतात हे तुम्हांला ठाऊकच आहे. तोंड मात्र मी आज पहिल्यांदा उघडते आहे.

मला उभं केलं ते मिलमधली डाळ राखायला. पुढे समोर क्लासेस आले आणि दर जूनला माझ्यावर टॉपरांचे फोटो लागू लागले. सगळ्यांचं हसू एकच, खाली मार्क. पावसात आधी त्यांची नाकं गळायची. माझ्यापाशी मुद्दाम थांबायचे ते फक्त घाईला आलेले पुरुष.

मग कशिश आली. मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या बिलकीसची एकोणीस वर्षांची भाची. ही वहीत बोरूनं शाईची चित्रं काढायची. तिनं मालक शंकरप्पांना भिंत मागितली. ते "हाव" म्हणाले. ते क्लासलाही "हाव" म्हणाले होते. ते कुणालाच न्हाई म्हणत नाहीत.

पहिल्या दिवशी तिची अख्खी बाटली मी पिऊन टाकली. शाईचा डाग तेवढा उरला. दुसऱ्या दिवशी ती डिंकात काजळी घोटून आणि झाडूच्या काड्यांची जुडी बांधून आली. तिनं माणसाएवढे तीन चेहरे काढले: बिलकीस आणि तिच्यासोबत डाळ निवडणाऱ्या लक्ष्मीबाई, रुद्राणी. खाली लिहिलं, 'डाळ निवडणे. राहिलेले खडे : शून्य. शंभरपैकी शंभर.'

तेवढ्यात चाकूरहून मुलीच्या ॲडमिशनला आलेले सटवाजी थांबले. समोरच्या क्लासच्या हणमंतराव सरांना त्यांनी विचारलं, "सर, ह्या बाया कंच्या क्लासच्या? आमच्या शिवांगीला तिथंच घालायचंय."

पाच मिनिटांत सरांनी बोलावलेले रंगारी मुज्तबाभाई चुन्याची बादली घेऊन हजर.

"पुसून टाक सगळं!" हणमंतराव ओरडले. "टॉपरच्या जागेवर ह्या कोण?"

"खाली लिहिलंय की सर," कशिश म्हणाली. पण काड्यांची जुडी तिनं छातीशी धरली. आयुष्यातली पहिली भिंत, आणि तिचं वय तीन तास.

बिलकीस हातातलं सूप ठेवून बाहेर आली. आपल्याच चेहऱ्याला पाठ लावून उभी राहिली. मग लक्ष्मीबाई. रुद्राणी बुटकी, ती तेलाच्या डब्यावर चढली.

"खाला, कपडे खराब होतील."

"होऊ दे बेटा. तीस वर्षं लोकांची डाळ साफ करून राहिले."

"बाजूला व्हा!"

"आधी मार्क कमी करून दाखवा," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

मुज्तबाभाईंनी अदबीनं विचारलं, "सर, बायांवरूनच कुंचा फिरवू का?"

"बाया सोडून बाकी मार!"

मुज्तबाभाई सांगितलं तेवढंच करणारे. पदराच्या कडेकडेनं, कानामागून, डब्याभोवती त्यांनी कुंचा फिरवला. ओल्या चुन्यात काही कळेना आणि चेहरे बायांच्या पाठीआड, म्हणून काम झालं असं समजून हणमंतराव खुशीत जेवायला गेले. ते परतेपर्यंत चुना वाळून पांढराशुभ्र झाला आणि बायाही जेवायला हलल्या. आता त्या पांढऱ्यात तिघी टॉपर अशा उठून दिसत होत्या की रिक्षावाले ब्रेक मारत होते.

"दुसरा हात मार!"

"बादली रिकामी झाली सर," मुज्तबाभाई म्हणाले, पण बादलीत अर्धा चुना होता.

कशिशनं उरलेल्या पांढऱ्या जागेवर चौथा चेहरा काढायला घेतला, मुज्तबाभाईंचा. खाली लिहिलं, 'आज्ञापालन : शंभरपैकी शंभर.'

मित्रांनो, भिंती स्वच्छ ठेवा, असा उपदेश मी करणार नाही. माझ्यावर कुंचा खुशाल फिरवा. फक्त त्याआधी बघा, इथं कोण पाठ लावून उभं आहे. जेवणाची सुट्टी सोडली तर ते हलणार नाहीत. मी तर नाहीच नाही.