सोमनाथच्या अंगणातला निळा ड्रम

मी सोमनाथच्या अंगणातला निळा ड्रम बोलतोय. दोनशे लिटरचा, प्लॅस्टिकचा. मला गुन्हेगार म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

दिंडोरीच्या बाजारातून सोमनाथने मला ट्रॅक्टरवर टाकून आणलं, तेव्हा केवढा तोरा होता माझा! द्राक्षबागेच्या फवारणीचं पाणी मी सांभाळणार होतो. शेतीची लाईट कधी येईल, कधी जाईल, नेम नाही. म्हणून ती आली की मला भरून ठेवायचं. तळाचं पाणी कोणी ओतत नसे. झाकण म्हणाल तर सोमनाथच्या आईनं, चतुराबाईंनी, पापड वाळवायला नेलं ते नेलंच.

छाटणीनंतर पावसाची रिपरिप लागली आणि माझ्या पोटात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. सोमनाथ रोज बादली बुडवायचा, पण लक्ष सगळं बागेत. पान न् पान उलटून बघायचा. "डावणी हाय, वर भुरी पण आली. एका औषधानं भागायचं नाय," असं बायकोला, उज्वलाला सांगायचा. दोन रोग एकदम येतात हे त्याला पाठ होतं हो!

मग उज्वला तापानं फणफणली. सांधे असे धरले की चहाचा कप उचलवेना. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, चिकनगुनिया निघाला. "मनानं गोळ्या घेऊ नका, दोन दिवसांनी परत दाखवा," त्यांनी बजावलं. पण तिचं कण्हणं सोमनाथला ऐकवेना. मेडिकलमधून त्यानं अंगदुखीच्या जालीम गोळ्या आणल्या.

"अहो, बघा ना, हातावर लाल ठिपके उठलेत," उज्वला म्हणाली.

"चिकनगुनियात उठत्यात. रोग कळला ना आता? मग कशाला घाबरती?" असं म्हणून तो बागेत गेला. डॉक्टरांकडे परत जायचं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी माझ्याजवळ चूळ भरताना तिच्या तोंडातून रक्त आलं. जीपमध्ये घालून तिला नाशिकला नेलं. तिथं कळलं, डेंग्यूही आहे. दोन्ही एकाच वेळी, आणि त्या गोळ्यांनी रक्त जाणं आणखी वाढवलेलं. तीन दिवस डॉक्टर काहीच खात्री देईनात.

सोमनाथ कपडे न्यायला आला आणि माझा काठ धरून ढसाढसा रडला. "आई, द्राक्षाचं पान मी रोज उलटून बघतो. तिनं हात पुढं केला, तर मी नीट बघितला पण नाय गं!" चतुराबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

आज सकाळी फोन आला. रक्त थांबलंय, उद्या उज्वलाला घरी सोडणार. चतुराबाईंच्या अंगात काय बळ संचारलं! अंगण झाडलं, अंथरुणं उन्हात टाकली. सुनेला आंघोळीला पाणी लागेल म्हणून मोटर लावून मलाही भरलं. मायेनं भरलं हो, पण अळ्या आतच आहेत.

अहो, रस्त्यानं जाणारे, कोणीही असा, जरा आत या. मला आडवा पाडा, आतून घासा, उन्हात वाळवा. उद्या दुपारी ती येतेय. अजून तिला नीट उभंही राहता येत नाही.